बिनसांवलीच्या दोन दुपारी

वैशाखांतील ऊन्ह अंगावर घेतल्यावांचून जालन्याची ओळख पुरी होत नाहीं, असें आम्ही तिकडचे लोक थोड्याशा अभिमानानेंच सांगत असतों. घामाघूम झालेल्या पाहुण्यापुढें पाण्याचा तांब्या ठेवतांना आम्ही सूर्याविषयीं असें बोलतों, कीं जणूं तो या दिवसांत मुद्दाम आमच्या गांवाजवळ येऊन बसतो! वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे आपण शाल पांघरून हुरड्याच्या शेकोटीभोंवतीं बसलेलों असतों तेव्हां. आणि सर्वांत दूर जाते ती जुलैच्या आरंभीं. हीं अंतरें अनुक्रमें सुमारें १४ कोटि ७१ लक्ष आणि १५ कोटि २१ लक्ष किलोमीटर आहेत. तेव्हां उन्हाळा हा सूर्याच्या सलगीचा परिणाम नव्हे. किरण किती सरळ पडतात आणि दिवस किती लांबतो, यावर तो ठरतो.

पण एवढ्यानेंहि कोडें सुटत नाहीं. जालना सुमारें १९.८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळें सूर्य तेथें वर्षांतून दोनदां अगदीं माथ्यावर येतो : एकदां मेच्या १९-२० तारखेस आणि पुन्हां जुलैच्या २४ तारखेच्या सुमारास. मेमधील त्या दिवशीं घड्याळांत साधारण १२ वाजून २३ मिनिटें झालीं, कीं उभ्या काठीची सांवली तिच्याच बुडाशीं नाहींशी होते. आपल्या जुन्या ज्योतिषांस या सांवलीचें मोठें अगत्य. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, चाळीसगांवजवळ पाटण येथें, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त शंकूच्या सांवलीवरून दिशा, देश आणि काल काढण्याची रीति सांगितली आहे. जुलैंतील चमत्कार मात्र बहुधा ढगांआड होऊन जातो. तरी सूर्य त्याच ठिकाणीं, दिवस तितकाच लांब, किरण तितकेच सरळ! मग एका दुपारीं पारा चाळिशीपलीकडे आणि दुसऱ्या दुपारीं कपाशीच्या पानांवरून थेंब ओघळताहेत, हें कसें?

याचें उत्तर प्रकाशाच्या प्रवासांत आहे. सूर्यापासून निघालेला किरण ८ मिनिटें २० सेकंदांत आपणांपर्यंत पोहोंचतो. पण वाटेंतलें अवकाश तो तापवीत नाहीं, कारण तेथें तापावयास जवळजवळ कांहींच नसतें. प्रकाशाची उष्णता होते ती त्याला कोणी अडविलें म्हणजे. आणि त्या उष्णतेचें पुढें काय व्हावयाचें, हें अडविणाराच्या घरच्या स्थितीवर अवलंबून! चंद्र सूर्यापासून जवळजवळ आपल्याइतक्याच अंतरावर. पण अंगावर हवेचें वस्त्र नाहीं, म्हणून तेथें दुपारीं १०० अंशांवर चटका आणि रात्रीं शून्याखालीं शंभराहून अधिक अंश गारठा. शुक्र बुधापेक्षां दूर, तरी हवेच्या दाट पांघरुणामुळें बुधाहून अधिक तापलेला. आमची मेमधील कोरडी काळी जमीन किरण घेते आणि त्याची आंच करून परत देते. जुलैंत कांहीं किरण ढगच वरच्यावर परतवितात, आणि जे खालीं येतात त्यांतले बरेच ओल्या मातींतील पाण्याची वाफ करण्यांत खर्ची पडतात.

हें ज्ञान मला पुस्तकांतून मिळालें. त्याची किंमत कळली ती २०१३ च्या उन्हाळ्यांत. अंबड तालुक्यांत माझ्या काकांची मोसंबीची बाग होती. आदल्या वर्षीं पावसानें दगा दिला होता. विहिरीनें तळ दाखविला. टँकरचें विकतचें पाणी कांहीं दिवस घातलें, मग तेंहि परवडेना. मोसंबीचें पान त्याच किरणाच्या बळावर साखर तयार करतें आणि पाणी उडवून स्वतःस गार ठेवतें. मुळाशीं पाणीच नाहीं म्हटल्यावर त्यानें काय करावें? वीस वर्षांचीं झाडें उभ्या उभ्या वाळलीं. कुऱ्हाड लावावयास गडी आले, त्या दिवशीं शेजाऱ्यानें सूर्यास शिवी हांसडली. काका शांतपणें म्हणाले, “त्याला कशाला बोलायचं? तो दरसाल तेवढाच येतो. हीर आपली रिकामी होती.”

चार वर्षांनीं त्यांनीं मला विचारलें, “पुन्हा लावावी का रे बाग?” वय सत्तरीला टेकलेलें, मोसंबीचें पीक हातीं येण्यास पांच-सहा वर्षें तरी हवींत. ‘होय’ म्हणणें मला जड गेलें आणि ‘नको’ म्हणणें त्याहूनहि जड. मी त्यांना जालना तालुक्यांतील कडवंचीस घेऊन गेलों. १९९६ च्या सुमारास या गांवानें पाणलोटाचीं कामें हातीं घेतलीं, वाहून जाणारें पाणी अडवून जिरविलें. पुढें शेतोशेतीं शेततळीं झालीं आणि त्यांच्या आधारानें द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ऊन्ह आमच्या इकडचेंच! काका एका तळ्याच्या कांठीं बराच वेळ उभे होते. येतांना कांहीं बोलले नाहींत.

त्यांनीं बागेच्या आधीं तळें खणलें. झाडें लाविलीं तीं पूर्वीच्या निम्मींच, आणि बुडाशीं पाचटाचें जाड आच्छादन घातलें. सूर्याजवळ मागावें असें आतां आम्हांस कांहीं उरलें नाहीं. द्यावयाचें तें तो देतोच आहे. मेच्या दुपारीं आलेल्या किरणास जुलैच्या दुपारचें आतिथ्य जितकें घडवितां येईल तितकें घडवावें, एवढाच उद्योग आपल्या हातीं आहे.