चळवळीत सुट्टी नसते?

गेल्या वर्षी 6 डिसेंबरला दादरला पाणीवाटपाच्या स्टॉलवर मी लंगडत उभा होतो. उजव्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. ऑक्टोबरमध्ये गोव्यात ट्रायथलॉन पूर्ण केली होती: 1.9 किमी पोहणे, 90 किमी सायकल आणि लगेच 21.1 किमी धावणे. वस्तीतल्या पोरांनी माझा फोटो स्टेटसला ठेवला. आता थांबलो तर त्यांना काय वाटेल, म्हणून चौथ्याच दिवशी पुन्हा पळायला लागलो. पहाटे साडेचारला धावणे, दिवसा नोकरी, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री बैठक. शेवटी डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले. बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते कौतुकानेच म्हणाले, "चळवळीत सुट्टी नसते, तशी तुझ्या खेळातही नसणार."

तेव्हा मान डोलावली. आज उत्तर देतो. सर, खेळात सुट्टी असते आणि ती आराखड्यात आधीच लिहिलेली असते. व्यायामाने शरीर झिजते. ते बांधले जाते झोपेत आणि विश्रांतीत. हाड रोज थोडे झिजते, रोज थोडे दुरुस्त होते. झीज दुरुस्तीच्या पुढे गेली की तडा जातो. माझे नेमके तेच झाले.

यंदाची स्पर्धा झाल्यावर पहिले तीन आठवडे घड्याळ कपाटात ठेवले. मन झाले तर पोरांबरोबर फुटबॉल, नाहीतर झोप. मग हिशोब मांडला. पोहायला 1 तास 10 मिनिटांची मर्यादा होती, मला 1 तास 4 मिनिटे लागली. सहा मिनिटांनी वाचलो! म्हणजे या हिवाळ्याचे तास धावण्याला नाहीत, पाण्याला द्यायचे. हौशी खेळाडू मोकळ्या महिन्यांत जे जमते तेच करत बसतो. मीही तेच करायचो, कारण धावायला पैसे लागत नाहीत.

मी पोहायला शिकलो वयाच्या 29 व्या वर्षी, महापालिकेच्या तलावात. आजोबांना गावच्या विहिरीत उतरू दिले नाही, म्हणून वडील पोहायला शिकले नाहीत, म्हणून मीही नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. पाण्याची धास्ती आमच्या घरात त्यानंतरही तीन पिढ्या राहिली. ती सहा मिनिटे मला म्हणून फक्त माझी वाटत नाहीत. सध्या आठवड्यातून तीनदा तलावात जातो. वेगाच्या मागे लागत नाही. तोंड पाण्यात असताना श्वास पूर्ण सोडणे आणि शरीर आडवे ठेवणे, एवढेच शिकतो आहे. दोन दिवस पायांची ताकद वाढवणारे व्यायाम. धावणे इतके सावकाश की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. तीन आठवडे भार वाढवायचा, चौथा हलका. कॅलेंडरवर लाल शाईने आधी 6 डिसेंबर, 1 जानेवारी आणि 14 एप्रिल लिहिले. त्या आठवड्यांत कठीण सराव ठेवला नाही.

विश्रांती म्हणजे चैन, हा विचार आपला नाहीच. तो मालकांचा आहे. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना 1945 मध्ये कारखान्यातल्या कामगारांसाठी पगारी रजेचा कायदा झाला. 1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 वर आले. आपण जयंतीला हे भाषणात सांगतो आणि आपल्याच कार्यकर्त्याला रात्री अकराला बैठकीला बोलावतो.

आणि धम्माचे काय? सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ केले आणि हताश होऊन घरी परतायचा विचार केला. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली: तार फार ताणली तरी सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. एरवी गावोगाव फिरणारा संघही वर्षावासात तीन महिने एका जागी थांबे.

यंदा आमच्या गटात मी ठराव मांडला, प्रत्येक कार्यकर्त्याला महिन्यातून एक रविवार पूर्ण मोकळा. चर्चा अडीच तास चालली, तीही रविवारीच. ठराव अजून मंजूर व्हायचा आहे.