आरसा, खिसा आणि रामटेकचा त्रिपुर

नागपूरच्या माणसाला काही घ्यायचे झाले की तो आधी बर्डीवर जातो आणि मग विचार करू लागतो. १८१७ सालच्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रज आणि भोसले यांची लढाई झाली, ती दोन दिवसांत आटोपली. त्याच टेकडीच्या पायथ्याशी २०११ च्या दिवाळीआधी आमच्या कुटुंबात जी लढाई झाली ती मात्र चांगली दहा दिवस चालली. प्रश्न एवढाच होता : कॅमेरा घ्यायचा तो खिशात मावणारा, की गळ्यात अडकवायचा?

थकबाकीचा एक हप्ता हाती आला होता. मराठीच्या प्राध्यापकाच्या हाती एकरकमी पैसा आला म्हणजे त्याला वाटते की आपण आता रसिक व्हायला हरकत नाही. मी डीएसएलआर कॅमेऱ्याच्या बाजूचा होतो. सौभाग्यवती खिशातल्या कॅमेऱ्याच्या बाजूच्या होत्या.

“अहो, तो डबा गळ्यात घालून तुम्ही लग्नकार्यात फिरणार का? लोक बिदागी किती घेता म्हणून विचारतील!”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याला घरी चहाला बोलावले. या मंडळींना साधी गोष्ट अवघड करून सांगण्याची सवय असते. परंतु या गृहस्थांनी स्वयंपाकघरातून एक वाटी आणि एक परात मागवली. पाऊस पडत असताना दोन्ही अंगणात ठेवा, म्हणाले; पाणी कशात जास्त साठेल? कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा हे ते भांडे. खिशातल्या कॅमेऱ्यात तो सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार उंच. डीएसएलआरमध्ये सुमारे २२ रुंद आणि १५ उंच. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर जवळजवळ बारापट. भर दुपारी वाटीही भरते आणि परातही भरते, तेव्हा फरक कळत नाही. दिवेलागणीला कळतो.

“पण वहिनींच्या कॅमेऱ्यावर तर १४ मेगापिक्सेल लिहिलेय, आणि याच्या १२ च!” मी शत्रुपक्षाचा मुद्दा स्वतःच मांडला.

“एका गुंठ्यात १४ वाफे पाडले आणि एका एकरात १२ पाडले,” ते म्हणाले, “तर पीक कुठे जास्त येईल?”

सौभाग्यवतींनी परात उचलून आत नेली. वादात हरल्याची ती खूण नव्हती. कणीक भिजवायची होती.

बाबा या सगळ्यात वर्तमानपत्रातून डोके वर काढत नव्हते. वास्तविक आमच्या घरात कॅमेऱ्याची अक्कल असलेला मनुष्य तोच. त्यांच्या तरुणपणी त्यांच्याजवळ आग्फा क्लिक थ्री होता. आपल्या देशातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांचे बारशी-मुंजीचे फोटो त्याच काळ्या पेटीने काढलेले आहेत. १२० नंबरची फिल्म, आणि एका रिळात चौकोनी फोटो १२. बाराच! त्यामुळे फोटो काढण्यापूर्वी माणसे विचार करीत, केस बसवीत आणि श्वास रोखून धरीत.

त्या कॅमेऱ्याची एक गोष्ट आमच्या घरी सांगितली जाई. १९७२ साली बाबांचे लग्न झाले आणि त्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेला ते आईला घेऊन रामटेकला गेले. पूर्ण रीळ त्यांनी रात्रीसाठी राखून ठेवले होते. गडावर त्रिपुर पेटतो त्याच्या उजेडात, तटाच्या कठड्याशी आईला उभी करून, त्यांनी बाराही फोटो काढले. धुतल्यावर रीळ कोरे निघाले. बिचारी क्लिक थ्री! भिंग मंद, वेग ठरलेला. दिव्यांच्या उजेडाशी ती काय झुंजणार? स्टुडिओवाला म्हणाला, यात छापण्यासारखे काही नाही. बाबांनी हट्टाने एक फोटो छापून घेतला. तो आमच्या अल्बममध्ये अजून आहे : एक काळा चौकोन, आणि खाली बाबांच्या वळणदार अक्षरात ‘रामटेक, त्रिपुरी पौर्णिमा, १९७२’. लहानपणी आम्ही भावंडे तो पाहून पोट धरून हसत असू. आईही हसे. ती २००९ साली गेली, त्यानंतर ते पान कोणी फारसे उघडत नसे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे बर्डीवर दुकानात गेलो. दुकानदाराने दोन्ही कॅमेरे काचेवर मांडले. बाबांनी खिशातला उचलला. त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. जवळचे पाहायचे तर खालच्या भागातून पाहावे लागते. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा दिसावा म्हणून त्यांनी हनुवटी वर केली, आणि हनुवटीबरोबर कॅमेराही वर गेला. पहिला फोटो दुकानाच्या पंख्याचा आला. दुसराही पंख्याचाच.

“पडद्यावर सगळं दिसते ना काकाजी,” दुकानदार म्हणाला.

“तुला दिसत असंल,” बाबा म्हणाले.

मग दुकानदाराने मोठा कॅमेरा पुढे केला. यात पडद्याकडे पाहण्याची गरज नाही. भिंगातून आलेला प्रकाश आत तिरक्या आरशावर पडतो, तिथून वरच्या बाजूला परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबले की आरसा टुणकन वर उचलला जातो आणि तोच प्रकाश मागच्या तुकड्यावर पडतो. ‘खटक’ जो ऐकू येतो त्यात या आरशाचा वाटा मोठा. ज्या छिद्राला डोळा लावायचा त्याला इंग्रजीत व्ह्यूफाइंडर म्हणतात. मराठीत ‘दृश्यदर्शक’ असा शब्द मी सुचवून पाहिला, पण घरात ‘भोक’ हाच रूढ झाला. त्या भोकाशेजारी एक बारीकसे चाक असते, ते माझ्या लक्षातच आले नव्हते. बाबांच्या बोटांना ते सापडले. त्यांनी चष्मा काढला (लांबचा नंबर त्यांचा दोनच्या आसपास), डोळा लावला आणि चाक फिरवू लागले. फिरवता फिरवता थांबले. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. मग तिच्या शेजारची. मग एका सायकलच्या मडगार्डवरचे नाव.

“अरे, हे तर चष्म्याहून स्वच्छ दिसते!”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि पर्समधून पैसे काढले. तीस हजारांच्या घरातला तो निर्णय एवढ्याशा चाकाने केला. परात, वाटी, वाफे सगळे बाजूला राहिले.

त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमा १० नोव्हेंबरला होती. मी सुटी टाकली. कामठी, कन्हान, मनसर अशा ओळीने गावे मागे पडत जातात आणि मग एकाएकी सपाटीवर रामटेकची टेकडी दिसू लागते. नागपूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटर. आमच्या गावचे महामहोपाध्याय मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे आग्रहाने मांडले. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटात रामगिरिस्वामींचा उल्लेख आहे, आणि टेकडीवर त्या काळची नृसिंहाची देवळेही उभी आहेत. वर्गात मी हे दर वर्षी शिकवतो. यक्षाजवळ कॅमेरा असता तर मेघाला एवढ्या लांब पिटाळण्याची वेळ आली नसती, असा एक विनोदही दर वर्षी करतो. मुले हसत नाहीत.

शालक आपला खिशातला कॅमेरा घेऊन आला होता. दुपारभर त्याचीच सरशी होती हे कबूल केले पाहिजे. आम्ही गडावर चढत होतो, तर तो हातातला चिवडा संभाळून दुसऱ्या हाताने फोटो काढीत होता. माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे एका वानराचे लक्ष गेले, तेव्हा मी कॅमेरा पोटाशी धरून पाठमोरा उभा राहिलो. त्याचाही फोटो शालकाने काढला. वराहाच्या भव्य मूर्तीच्या पोटाखालून पापी माणूस जाऊ शकत नाही, अशी लोकांची समजूत आहे. कॅमेऱ्याच्या पिशवीसकट मी वाकून अंदाज घेतला आणि परीक्षा न देण्याचे ठरवले. लहानगी तेव्हा दोन वर्षांची. मोठा कॅमेरा समोर धरला की ती रडायची, आणि मामाचा एवढासा कॅमेरा तिला खेळणे वाटायचा. त्या दिवसाचे तिचे जेवढे हसरे फोटो आहेत ते सगळे मामाच्या कॅमेऱ्यातले.

अंधार पडला तशी गर्दी वाढली. मध्यरात्री त्रिपुर पेटला. शालकाने फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याने आपण होऊन विजेचा झोत टाकला. हा झोत फार तर आठदहा पावले जातो. फोटोत पुढच्या तीन अनोळखी इसमांची चेहरेपट्टी चुन्याने रंगवल्यासारखी आली, आणि मागे काळोख. त्रिपुराचा पत्ता नाही.

मी कॅमेरा बाबांच्या हाती दिला. आयएसओ म्हणून जी प्रकाश पकडण्याची संवेदनक्षमता असते ती १६०० वर चढवून दिली, झोत बंद केला, आणि हात हलू नये म्हणून कॅमेरा कठड्यावर टेकवा म्हटले. “ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी माझ्या खिशात घातला. डोळा लावला. खूप वेळ खटक ऐकू आला नाही. मला वाटले बटण सापडत नाही. मी मदतीला पुढे झालो तर सौभाग्यवतींनी माझी बाही धरली.

मग एकेक खटक येऊ लागला. मधे बराच वेळ जाई. मी काही मोजत नव्हतो. थोड्या वेळाने त्यांनी कॅमेरा परत दिला आणि चष्मा मागितला.

“अजून काढा ना. यात शेकड्यांनी मावतात.”

“नको. झाले.”

घरी येऊन संगणकावर पाहिले तेव्हा फोटो बरोबर १२ होते. त्यांत त्रिपुर तीनच ठिकाणी आहे, तोही कोपऱ्यात. बाकी सगळीकडे कठड्याचा तोच एक रिकामा भाग, दगडांच्या सांध्यांवर पिवळसर उजेड पडलेला. सहाएक हललेले आहेत. एक इतका स्वच्छ आहे की दगडावर कोणी कोरलेली नावे वाचता येतात. तो मी छापून आणला. बाबांनी अल्बममधले ते जुने पान काढले आणि काळ्या चौकोनाशेजारी चिकटवला. खाली फक्त वर्ष घातले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. त्या जपानी कंपन्या आता आरशाविनाच्या कॅमेऱ्यांच्या मागे लागल्या आहेत. आमचा डीएसएलआर सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात असतो, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. फोटो सगळे फोनवर निघतात. आणि यंदा अकरावीतल्या आमच्या कन्येने दिवाळीसाठी मागितले काय, तर खिशातला जुना कॅमेरा! तिच्या मैत्रिणींत त्याची टूम आहे. फोनचे फोटो फार चोपडे येतात म्हणे. या कॅमेऱ्यांतले ‘खरे’ वाटतात. मामाच्या कपाटातून तोच जुना कॅमेरा निघाला. बॅटरी तेवढी मेलेली.

म्हणून गेल्या महिन्यात पुन्हा बर्डी. बाबा ऐंशीचे, तरी मेट्रोने यायला तयार. बॅटरी मिळाली, आणि परतताना झिरो माईलच्या दगडी खांबापाशी नातीने कॅमेरा त्यांच्या हाती दिला. “आजोबा, आमचा काढा ना!” आम्ही तिघे ओळीने उभे राहिलो. बाबांनी दोन्ही हातांनी कॅमेरा धरला, पडदा दिसावा म्हणून हनुवटी वर केली, आणि मी काही बोलायच्या आत खटक झाले.

फोटो छान आला आहे. आकाश, खांबाचे टोक, आमच्या तिघांचे केस. घोडे तिथे चार आहेत. त्यांपैकी एकाचे कान आले आहेत.