सोनस आणि दोनस

परक्या भाषेचे शब्दकोश चाळीत बसणे हा माझा जुना छंद. उपयोग काडीचा नाही, पण करमणूक भरपूर! अशाच एका दुपारी आयरिश भाषेतला ‘दोनस’ भेटला. दोनस म्हणजे अरिष्ट, दुर्दैव. ऐन दिवाळीत हा अभद्र शब्द कशाला, असे गृहिणी विचारतील. पण त्याचा जुळा भाऊ आहे ‘सोनस’, म्हणजे सुख. फरक काय तो पहिल्या अक्षराचा!

आयरिश भाषेत अशा जोड्या पुष्कळ. ‘सोखर’ म्हणजे लाभ, ‘दोखर’ म्हणजे हानी. ‘सी’ म्हणजे पंडित, ‘दी’ म्हणजे अडाणी. ही उपपदे म्हणजे आपल्या ‘सु’ आणि ‘दुस्’ यांची दूरदेशी गेलेली भावंडे. हजारो वर्षांपूर्वी त्यांचे घर एकच होते.

व्याकरणही मोठे बोलके. दोनस पुल्लिंगी, ‘अरिष्टाचा’ म्हणायचे तर शेवटच्या ‘स’चा ‘श’ होतो. आणि आयरिश माणूस ‘मी दुःखी आहे’ असे म्हणत नाही. ‘माझ्यावर दुःख आहे’ म्हणतो. आपल्यावर नाही का संकट येत? जे अंगावर येते, ते कधीतरी उतरतेही.

त्या देशावर फार मोठे अरिष्ट आले ते १८४५ साली. बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरिबांचे सारे पोट बटाट्यावर. धान्य मात्र परदेशी जातच राहिले. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या वर्षांना आयरिश भाषेत नाव आहे ‘द्रोख’ अधिक ‘सील’: वाईट काळ. आपला ‘दुष्काळ’ तरी दुसरे काय सांगतो? हे दोन शब्द जोडताना मधला ‘स’ विरतो आणि नुसता ‘ह’ उरतो; जणू एक उसासाच!

सर्वांत जास्त होरपळला तो आयरिश बोलणारा पश्चिम भाग. अरिष्टाला नाव देणारी तोंडेच कमी झाली. तरी भाषा टिकली. तिथली मुले आज शाळेत ती शिकतात. कोशात दोनस शोधताना त्यांना सोनसही सापडत असेल.