पाणसळीतला बुडबुडा

इंग्लंडच्या वायव्येला डोंगर आणि सरोवरे यांनी नटलेला लेक डिस्ट्रिक्ट हा प्रदेश आहे. १९५१ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. त्यातील केसविक हे गाव डरवेंटवॉटर सरोवराजवळ वसले आहे. उत्तरेला ९३१ मीटर उंचीचा स्किडॉ पर्वत उभा आहे. उन्हाळ्यात येथे अनेक प्रवासी आपले घर चाकांवर घेऊन मुक्कामास येतात.

या प्रदेशात पाऊस विपुल. त्यामुळे पाणी वाहून जाण्यासाठी मुक्कामाच्या जागेला थोडा उतार असावाच लागतो. मोटरहोम मात्र समपातळीत उभे राहिले पाहिजे. आतील फ्रिज बहुधा गॅसच्या उष्णतेवर चालतो. त्यातील अमोनिया पंपाविना, गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने फिरतो. गाडी फार कलली की हे अभिसरण अडते आणि थंडावा नाहीसा होतो. मधुमेही प्रवाशाच्या इन्सुलिनच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही.

म्हणून सायंकाळी पोहोचलेले एखादे वृद्ध दांपत्य चहाआधी पाणसळ काढते. ती जमिनीवर आडवी, मग उभी ठेवून बुडबुडा कोणत्या बाजूला सरकतो ते पाहतात. तो उंच बाजूकडे जातो. खालच्या बाजूच्या चाकांपुढे पाचरीच्या आकाराचे ठोकळे मांडले जातात. पती सुकाणूवर बसतो, पत्नी बाहेर, त्याला दिसेल अशा जागी, उभी राहून हाताने खुणावते. गाडी गोगलगाईच्या गतीने चढते. एक वीत पुढे गेली, तर पुन्हा मागे घ्यावी लागते. घाई येथे उपयोगाची नाही.

पातळी साधली की हँडब्रेक ओढून चाकांना अडसर लावतात. त्यानंतरच कोपऱ्यांतील आधाराचे पाय खाली येतात. ते केवळ डोलणे थांबवण्यासाठी असतात. त्यांनी गाडी उचलू पाहिली, तर पाय वाकतात.

या फ्रिजला कंप्रेसरची घरघर नसते. तो काम करतो आहे की नाही, हे कानांना कळत नाही. काही तासांनी पत्नी आतील थर्मामीटर पाहते. काटा दोन आणि आठ अंशांच्या मध्ये स्थिरावलेला असतो. मगच औषधाची पेटी प्रवासातल्या थंड पिशवीतून आत जाते.

रात्री पाऊस येतो. ज्या उताराने सायंकाळी त्रास दिला, त्याच उताराने पाणी घराखालून निमूटपणे सरोवराकडे निघून जाते.