देवमाशाच्या वाटेवर

वऱ्हाडातल्या माणसाने समुद्रावर लिहावे, हे कोकणातल्या माणसाने कपाशीवर लिहिण्यासारखेच आहे. आमच्या भातकुलीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र काही लवकर भेटायचा नाही. मीठ मात्र आमच्या पायांखालीच आहे! पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जुन्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि पाहुणा आला की त्याला गोडे पाणी देता येईल की नाही, ही घरच्या बाईची पहिली काळजी.

अशा गावात बसून मी कितीतरी वर्षे मुलांना सांगत आलो आहे, की देवमासा हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. सीलचेही चित्र मी फळ्यावर काढतो. तो बिचारा आपल्या किनाऱ्याला कधी वस्तीला येत नाही, म्हणून त्याची ओळख तेवढ्यावरच भागते. मुले सारे निमूटपणे लिहून घेतात. मास्तर सांगतात, तेव्हा खरेच असणार!

आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची. आई बाहेर येऊन बाकावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मंग मले समुद्र दाखवून आण बाप्पा. अंधार पडाच्या अगुदर.”

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. मुंबई गाठली, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि कुडाळहून निवती. १९९८ साली हा लोहमार्ग पुरा झाला नसता, तर सत्तरी ओलांडलेल्या बाईला घेऊन घाटाची वळणे उतरायचे धाडस मी केले नसते. निवतीच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात खडकांची बेटे दिसतात. नकाशात त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. एका बेटावर दीपगृह आहे. तिथवर जाऊन यायचे ठरले.

होडीचा तांडेल साठीचा होता, कमी बोलणारा. “आये, हयसर बसा,” म्हणून त्याने आईला हात धरून मधल्या फळीवर बसवले. होडी पाण्यात जाताच आईने बोट बुडवून जिभेला लावले आणि निकाल दिला, “आपल्या इहिरीपेक्षा खारं हाये. पण उगाच लय नाव केलं लोकायनं.”

अर्ध्या वाटेवर पुढच्या होड्यांत एकदम गलका उठला. “गादे! गादे!” डॉल्फिनला तिकडे गादा म्हणतात. दोन-तीन होड्या इंजिने फुरफुरवीत त्यांच्या मागे धावल्या. कुणी शिट्ट्या वाजवीत होते, कुणी फोन उंच धरून उभे. गादे बुडाले ते दूर निघाले. मीही तांडेलाकडे आशेने पाहिले. पैसे मोजून आलेला माणूस पाहणारच. त्याने उलट इंजिनच बंद केले.

“मास्तरांनू, तेंच्या मनात आसला तर येतले,” तो म्हणाला. “पाठी लागान काय गावना नाय.”

होडी नुसती डोलत राहिली. पाणी फळ्यांवर चुबुक-चुबुक वाजत होते. एवढ्यात आमच्या उजव्या अंगाला ‘फुस्स’ असा आवाज झाला, लोहाराच्या भात्यासारखा. मी वळून पाहीपर्यंत करड्या पाठीची एक कमान आणि तिच्यावरचे कुबड पाण्यात शिरतच होते. कुबड असलेला हा डॉल्फिन किनाऱ्याच्या उथळ पाण्यात राहतो. पुन्हा फुस्स. त्याच्यामागे एक लहान, घाईघाईचा.

आईला यातले काही दिसले नसावे. पाण्यावरच्या लखलखीने तिचे डोळे मिटलेलेच होते. पण तिने मान बरोबर त्याच बाजूला वळवली होती.

“अरे, हे त दम घेते!” ती म्हणाली. “मासा कुठी दम घेते काय? अन् संगं लेकरू हाये तिच्या.”

माझा सारा धडा तिने दोन वाक्यांत संपवला. पुस्तकातली गोष्ट कानाने तपासून पाहायची असते, हे मला कुठल्या शिक्षणाधिकाऱ्याने सांगितले नव्हते.

देवमासा मात्र आम्हांला भेटला नाही. तांडेलाने एकदाच, फार आत, पाण्याचे झाड उडताना पाहिले होते. २०१५ साली याच सिंधुदुर्गाच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा दिसला, आणि जवळ पिल्लूही. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. शंभर टनांहून अधिक वजनाचा, आणि खातो काय, तर बोटाएवढी कोळंबीसारखी कोलीम! एवढा प्राणी इकडून लेकरू घेऊन जातो, आणि वाळूवर भेळ खाणाऱ्यांना पत्ता नसतो.

बेटांजवळ पाणी काळसर झाले. खडकांवर सुरय पक्ष्यांची ये-जा चालली होती. अंगाने सडपातळ, शेपटीला कात्री. लाटांवर कुरव बसले होते. त्यांतले काही लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून हिवाळ्यापुरते आलेले असतात, म्हणजे आमच्याहून लांबचे प्रवासी. मी आईला एकेक सांगत होतो आणि ती ‘हो’ म्हणत होती. पण तिचे लक्ष कपारीकडे होते. तिथे काळ्या फटीत लहान पाकोळ्या सुळकन शिरत होत्या.

या पाकोळ्या आपल्या लाळेने घरटे बांधतात. आत मिट्ट काळोख; पण त्या टिकटिक आवाज करीत उडतात आणि त्याच्या पडसादावरून भिंत ओळखतात. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली इथल्या सुरयांवर आणि या पाकोळ्यांवर लिहून ठेवले आहे. चीनमध्ये घरट्यांचे सार करतात, किंमत मोठी. म्हणून माणसे दोर लावून गुहांत उतरत आणि घरटी खरवडून नेत. आता कायद्याने बंदी आहे.

“मंग थे पाखरू काय करे?” आईने विचारले.

“पुन्ना बांधता,” तांडेल म्हणाला. “थुकी सुकासर.”

“अन् आत लेकरं असली त?”

तांडेलाने सुकाणूवरचा हात काढला नाही. कपारीकडे एकदा पाहून त्याने दोरी ओढली आणि इंजिन सुरू केले.