हसलेले अनारसे

अनारशाला तांदूळ जुना लागतो. नवा तांदूळ चिकट, त्याच्या पिठाचा अनारसा तुपात पडला की भरवसा नाही. रायपुरात राहून ही चिंता करावी लागावी, ही गंमतच. सगळा छत्तीसगड स्वतःला ‘धान का कटोरा’ म्हणवतो. १९७० च्या दशकात भातसंशोधक डॉ. रिछारियांनी याच गावी बसून भाताचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. आणि आमची आई मात्र दर दसऱ्यानंतर एकच प्रश्न घेऊन बसायची, की वर्षभराचा जुना, जाड, बिनवासाचा तांदूळ यंदा कुणाकडे मिळेल. दुबराज, विष्णुभोग असले सुवासिक तांदूळ ती या कामाला शिवू द्यायची नाही. त्यांची जागा पानात, वरणाखाली. अनारशाला गुरमटियाच हवा. गोलबाजारातला ठरलेला किराणेवाला तिच्यासाठी थोडा बाजूला काढून ठेवी आणि तो आणायला ती स्वतः जाई, वडिलांना पाठवत नसे. वडील नवा-जुना न बघता भाव बघायचे.

आम्ही तात्यापाऱ्यातले. बुढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा या जुन्या वस्तीत मराठी घरं पिढ्यान् पिढ्या होती. काही भोसल्यांच्या काळात आलेली. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला राहून हा मुलूख पाहत होते, आणि दसऱ्याला सोनं वाटायची चाल त्यांच्यामुळे इकडे रुजली असं सांगतात. बाकीची पुढे इंग्रजी अमलात नोकरी, वकिली, मास्तरकीच्या निमित्ताने नागपूरकडून येऊन राहिली. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे आमच्या आईसारख्या वऱ्हाडातल्या मुलीला रायपुरात देणं म्हणजे फार लांब देणं नव्हे, असं तिच्या वडिलांना वाटलं असावं. प्रांत वेगळे झाले तेव्हा ती दोन मुलांची आई होती. पुढे आणखी सहा झाली.

आम्ही आठ भावंडं, आजी, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली आत्या, आणि धमतरी-राजनांदगावहून कॉलेजसाठी येऊन राहिलेली चुलत-मावस मुलं. पंधरा पानं रोजचीच. दिवाळीच्या सुट्टीत ती किती व्हायची हे कुणी मोजत नसे, फक्त अंथरुणं कमी पडायची.

या गर्दीचा आईला त्रास होत असेल असं मला मोठेपणी वाटू लागलं. लहानपणी दिसायचं ते वेगळंच. शाळा बंद झाली की आईच्या अंगात काहीतरी संचारायचं. एरवी आजीच्या शब्दाबाहेर नसलेली ही बाई त्या पंधरवड्यात हुकूम सोडायची. कोणी बेसन चाळायचं, कोणी खोबरं किसायचं, कोणी सोऱ्या घासून चकत्या मोजून ठेवायच्या, सगळं तिच्या डोक्यात ठरलेलं. लाडू, चिवडा, चकल्या, शंकरपाळे हे सगळं होतच होतं. त्यावर मी काही लिहीत नाही, सगळ्यांच्या घरी होतं. अनारशाची गोष्ट निराळी. त्यात बढती होती.

तांदूळ धुऊन भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तीन दिवसांनी उपसून सावलीत, धुतलेल्या धोतरावर पसरायचे. पुरते वाळू द्यायचे नाहीत. मुठीत घेतले की थोडी ओल जाणवली पाहिजे. मग उखळ. हे काम मुलांचं, म्हणजे माझ्या भावांचं. दोघं समोरासमोर उभे राहून आळीपाळीने मुसळ घालत आणि आई मध्येच हात घालून पीठ सारखं करी. तिचा हात मुसळाखाली कसा सापडला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मग तलम कापडातून चाळायचं, किसलेला गूळ मिसळायचा, गोळे करून डब्यात मुरत ठेवायचे. इथे भावांचा संबंध संपला. पुढची सगळी कामं मुलींची. सर्वांत धाकटीने पाटावर खसखस पसरायची. पुढच्या वर्षी गोळ्या करून द्यायच्या. मग कधीतरी थापायला मिळे, बोटांनी, कडा पातळ आणि मध्य जरा जाड ठेवून. झारा हातात मिळायचा तो लग्नाच्या वयात. तोवर कढईजवळ आई नाहीतर आत्या.

खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, की जाळी उमलते. सगळं जमलं तर. गूळ थोडा जास्त झाला, पीठ ओलं राहिलं, तूप नीट तापलं नाही, तर अनारसा कढईत पडताच विरघळून तुकडे तुकडे होतो. मग म्हणायचं, अनारसा हसला.

आम्ही पोरं त्या हसण्याची वाट बघत बसायचो. नैवेद्याआधी फराळाला हात लावायची बंदी, पण हसलेला अनारसा देवालाही चालत नाही आणि पाहुण्यांनाही. तो आमचा. झाऱ्याने गोळा केलेला तो तुपकट, गुळमट, कडेने कुरकुरीत चुरा केळीच्या पानावर पडायचा आणि फुंकर मारेपर्यंत संपायचा. आत्या चिडायची, तूप वाया गेलं म्हणून. त्या काळी साजूक तूप अनारशापुरतंच निघायचं. बाकी सगळं डालड्यात. आई चिडल्याचं मात्र मला आठवत नाही. माझा संशय असा, की पीठ सैल करायला कुस्करून घालतात ते केळं शेवटच्या घाण्याला ती मुद्दाम जास्त घालायची. एरवी एवढी कसलेली बाई, तिचा दर वर्षी शेवटचाच घाणा कसा हसायचा? विचारलं तर म्हणायची, “पीठ तळाशी ओलं राहतं गं.” आणि मान खाली घालून झारा झटकायची. खांदे तेवढे हलायचे.

आमच्याकडे पाणी भरायला आणि भांड्यांना राउताईन यायची. पहिल्याच वर्षी तिने अनारशाचं पीठ पाहून आईला सांगितलं होतं, “हमर इहाँ घलो अइरसा बनथे, बाई.” तिचा अइरसा गुळाच्या पाकातला. पीठ पाकात घोटायचं, त्यामुळे तो मुरवत ठेवावा लागत नाही आणि सहसा हसतही नाही. तीजा-पोळ्याला ठेठरी, खुरमी आणि अइरसा तिच्याकडून यायचा, दिवाळीला आमचा अनारसा तिच्याकडे जायचा. ‘तीजा’ला इकडच्या बायका माहेरी जातात आणि आदल्या रात्री कारलं-भात खाऊन उपास धरतात. आमच्या हरतालिकेचाच तो दिवस. पण आमच्याकडे त्यासाठी कुणी माहेरी पाठवत नाही. आईला ही चाल फार आवडायची. “त्यांचं बरं,” एवढंच म्हणायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाजारात धानाच्या लोंब्यांच्या झालरी विकायला यायच्या. अजूनही येतात. दाराला बांधायच्या, म्हणजे चिमण्यांनी येऊन दाणे टिपावेत. आमच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण आणि खाली ही झालर, दोन्ही असायचं. त्या रात्री गौरा-गौरीची मिरवणूक गडवा बाजासह निघायची. आई त्या रात्री झोपायची नाही. ते वाजंत्रीमुळे, असं आम्ही समजायचो. खरं कारण दिवाळी अंक. नागपूरहून कुणीतरी दोन-तीन अंक आणायचं आणि ते तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत फिरायचे. आईची पाळी रात्रीची, कारण दिवसा तिला वेळ नसायचा. म्हणून तिनेच मागून घेतलेली ती रात्र. पूजा आटोपली, पोरं फुलबाज्या संपवून आडवी झाली, की स्वयंपाकघरात पाटावर बसून ती अंक वाचायची. सकाळी तो पुढच्या घरी द्यायचा असे. एक अनारसा आणि गार दूध तेव्हा तिच्याजवळ असायचं. मी एकदा तहान लागून उठले तेव्हा मला हे दिसलं. तिने मला पाणी दिलं आणि झोपायला पाठवलं. अनारसा नाही दिला. हे मला आता फार आवडतं.

आईवर लिहिताना आपल्याकडे ती सगळ्यांसाठी झिजली, स्वतःसाठी काही ठेवलं नाही, असं लिहायची पद्धत आहे. झिजली, यात शंका नाही. मनगटावर तुपाचे डाग होते, कंबर चाळिशीत गेली होती, आणि ती सगळ्यांच्या मागून जेवायची, हे काही कौतुकाचं नव्हे. पण स्वतःसाठी काही ठेवलं नाही, हे खोटं. तिने बरंच ठेवलं होतं आणि ते नीट लपवलं होतं. धान्याच्या कोठीत एक पितळी डबा असायचा. त्यातले अनारसे निवडक, जाळीदार, एकसारखे, आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. ते मामासाठी. भाऊबीजेला मामा नागपूरहून यायचा, तीनशे किलोमीटर, पहाटेच्या गाडीने. त्या दिवशी सकाळी आई वेगळीच असायची. आठ मुलांची आई, सुना-जावयांची तयारी करणारी बाई नव्हे; नुसती कुणाची तरी ताई. मामा तिला तिच्या घरच्या नावाने हाक मारायचा, आणि ते नाव वर्षभरात दुसऱ्या कुणाच्या तोंडी यायचं नाही. ज्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही त्या वर्षी तिने चंद्राला ओवाळलं, आणि डबा दुसऱ्या दिवशी पार्सल करून पाठवला. आम्हाला त्यातला एकही मिळाला नाही.

‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं. थोरल्या वहिनीने ते लग्नानंतर माहेराहून आणलं. आईने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, एखाद्या परीक्षकाने पेपर तपासावा तसं, आणि वहिनीला म्हणाली, “बाई हुशार आहे.” पुस्तक परत केलं आणि आपल्या अंदाजानेच गूळ घातला.

मग घर पांगलं. आम्ही बहिणी नागपूर, पुणे, भिलाईला, भाऊ नोकऱ्यांवर. रोजच्या पंधरा पानांच्या जागी दिवाळीलाही सहा-सात, मग चार. उखळाच्या जागी मिक्सर आला आणि आईने तो एका दिवसात मान्य केला. जुनं जपायचा तिला अजिबात सोस नव्हता. सोस होता तो माणसांचा. २००१ साली आश्विन अधिक आला. भाचीचं नुकतंच लग्न झालेलं, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून सत्तरी ओलांडलेली आई पुन्हा पाटावर बसली. आम्ही सगळ्या जणी गेलो होतो. त्या वर्षी महिन्याभराच्या अंतराने दोनदा अनारसे झाले, एकदा अधिकाचे आणि एकदा दिवाळीचे. ती इतकी खूश मी नंतर पाहिली नाही. तेहतिसांसाठी बसली होती. किती तळले विचारू नका, चौबे कॉलनीपर्यंतच्या ओळखीच्या मराठी घरांत डबे गेले.

पुढच्या काही वर्षांत ती गेली, आणि बरीच वर्षं आमच्याकडे अनारसे विकतचे होते. आता रायपुरात ते चांगले मिळतात. तयार पीठही मिळतं. मी काही त्याला नावं ठेवणार नाही. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईने तीन दिवस पाणी बदलत बसावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही.

अधिक महिना साधारण एकोणीस वर्षांनी फिरून त्याच महिन्यात येतो. २०२० ला पुन्हा आश्विन अधिक आला. कोरोनामुळे सप्टेंबरात रायपूर आठवडाभर कडेकोट बंद. जुन्या घरात आता माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको, दोघंच. तिला ताप, म्हणून ती खोलीत बंद आणि तो बाहेर मोकळा. त्याने तांदूळ भिजत घातला आणि मग मला फोन केला, पुढे काय करायचं म्हणून. उखळावरचा माणूस, कढई त्याला ठाऊकच नव्हती. बासष्टीच्या वयात तो खसखस पसरण्यापासून शिकला, सगळ्या पायऱ्या व्हिडिओवर मला दाखवत. पहिला घाणा हसला. दुसराही. त्याने दोन्ही एकट्याने खाल्ले आणि तिसऱ्याला जाळी पडली.

आईने आठांपैकी चार जणांना कढईपासून लांब ठेवलं, केवळ ते मुलगे होते म्हणून. इतक्या शहाण्या बाईचा हा हिशेब साफ चुकला होता. आमच्या घरात आज सगळ्यांत चांगले अनारसे धाकटा तळतो, आणि दिवाळीला आम्ही बहिणी त्याच्याकडून डबे मागवतो.