बेटावरचे शेठ आणि खामगावचा कापूस

मुंबई–नागपूर लोहमार्गावर नांदुरा आणि शेगाव यांच्या मध्ये जलंब नावाचे लहानसे जंक्शन आहे. येथे उतरून खामगावची छोटी गाडी धरावी लागते. अंतर जेमतेम १३ किलोमीटर. दोन्ही बाजूंना पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, चिकट जमीन. बुलढाणा जिल्ह्यात या भागाला ‘घाटाखालचा’ म्हणतात. अलीकडे सोयाबीनने कपाशीची बरीच जागा घेतली असली, तरी दिवाळीनंतर या वाटेवर वेचणी चाललेली शेते अजून दिसतात. एवढ्याशा गावाला स्वतंत्र लोहमार्ग कशासाठी, असा प्रश्न नवख्या प्रवाशाला पडतो. त्याचे उत्तर येथून शेकडो किलोमीटर दूर, समुद्रातल्या सात बेटांवर सापडते.

खामगावचा कापूस बाजार सुमारे १८२० पासूनचा. एके काळी तो वऱ्हाडातील सर्वांत मोठा मानला जाई. तेव्हा खामगाव बुलढाण्यात नव्हते. १९०५ पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात मोडत असे. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी येथे आडत घालून बसले, पुढे स्वित्झर्लंडच्या व्होल्कार्ट कंपनीनेही आपले खरेदीचे ठाणे मांडले. सरकी काढलेली रुई दाबून गाठी बांधायच्या आणि मुंबई बंदराकडे रवाना करायच्या, हा येथला क्रम. रेल्वे येण्यापूर्वी ही रवानगी बैलगाड्यांवर होत असे. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे आणि माल उतरेपर्यंत त्याचा रंग बदललेला असे.

ज्या मुंबईत हा माल उतरे, ती मूळची कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे. १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे आली. कोळी आणि भंडारी तेथले जुने रहिवासी. इतर सारे बाहेरून आले. नाना शंकरशेट मुरबाडचे, डेव्हिड ससून बगदादचे यहुदी, तर प्रेमचंद रायचंद सुरतेचे ओसवाल जैन. बेटाने त्यांना मोठे केले हे खरे. पण बेटावर कापसाचे एक बोंडही पिकत नव्हते, हेही तितकेच खरे.

या मिश्र वस्तीची एक खूण भुलेश्वर भागात आजही उभी आहे. ती म्हणजे मुंबईची पांजरापोळ. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ मध्ये शहरात दंगल उसळली. त्यानंतर, १८३४ मध्ये, पारशी जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीशा अमीचंद या दोघांनी मिळून ती स्थापन केली. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि पालिताण्याची टूक यांमुळे मोतीशांचे नाव जैन घरांत परिचित आहे. ज्या चीन-व्यापारातून हा पैसा आला, त्यात कापसाबरोबर अफूही होती. जीवदयेची आठवण काढताना ही नोंद पुसून टाकण्याचे कारण नाही.

वऱ्हाडच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे नाव प्रेमचंद रायचंद यांचे. जन्म १८३१ चा. इंग्रजी उत्तम अवगत असल्याने गोऱ्या पेढ्यांशी थेट व्यवहार करणारे ते कापसाचे दलाल झाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. घाटाखालच्या शेतकऱ्याने ज्वारीची जमीन कपाशीखाली आणली. मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्या पैशाला वाट म्हणून नव्या बँका, नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या ‘बॅक बे’ कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले.

बँक ऑफ बॉम्बे ही १८४० ची, सरकारी भागभांडवल असलेली संस्था. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल झाली आणि शेअरच्या तारणावर कर्जे सुटू लागली. प्रेमचंदांच्या शिफारशीवर रकमा मंजूर होत, हे पुढे चौकशीत उघड झाले. तारण आणि कर्ज दोन्ही एकाच तेजीवर उभे असतील, तर तारणाला अर्थ उरत नाही. बँकेत नव्याने लागलेल्या कारकुनालाही हे कळते. तेव्हाच्या संचालकांना ते उमगले नाही, की उमगूनही त्यांनी डोळे मिटले, एवढाच प्रश्न. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. १ जुलै हा मुदतीच्या सौद्यांचा दिवस उजाडला आणि बाजार कोसळला. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैला, मुंबईत आगगाडी आणण्यासाठी झटलेले नाना शंकरशेट निवर्तले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. प्रेमचंदांची संपत्ती बुडाली.

तेजी भरात असताना, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा. २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा देणाऱ्याचे वैभव जाऊन तेरा वर्षे लोटली होती. राजाबाईंना दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम या घड्याळाच्या टोल्यांवर सांभाळला जाई, अशी कथा सांगतात. प्रेमचंद पुन्हा उभे राहिले, १८७५ च्या शेअर दलालांच्या संघटनेत अग्रभागी होते, आणि १९०६ मध्ये वारले.

आणि खामगाव? जलंब–खामगाव फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. म्हणजे तेजी ओसरून पाच वर्षे झाल्यावर. भाव उतरले होते, पण ज्वारीकडून कपाशीकडे वळलेल्या बऱ्याच जमिनी परत फिरल्या नाहीत. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडला धान्य विकत घ्यावे लागले, तेव्हा याची किंमत कळली. प्रेमचंदांचे कर्ज कोणत्या पानावर होते हे चौकशी समितीने लिहून ठेवले. त्यांच्या गाठीतला कापूस कोणत्या शेतातला, हे कोणत्याही खातेवहीत नाही.

खामगावचा लोहमार्ग आजही गावातच संपतो. तो पुढे जालन्यापर्यंत न्यावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. छोटी गाडी तेवढे १३ किलोमीटर जाते आणि परत जलंबला येते.